बॅट शोधणारा हात

ऑर्विल टॅकेटला आम्ही गेल्या मार्चमध्ये मूठमाती दिली. चर्चमध्ये जो जो बोलायला उठला तो त्याच्या उजव्या हाताबद्दलच बोलला. एकजण म्हणाला, या हाताने पोरांच्या सरावासाठी दहा लाख चेंडू टाकले. दुसरा उठला तो पंधरा लाखांवर गेला. अजून दोघे बोलले असते तर आकडा कोटीत गेला असता. मी तिसऱ्या बाकावर बसले होते आणि माझं डोकं तापत चाललं होतं. राग माझ्या नाकावर असतो हे गावाला ठाऊक आहे, त्यामुळे मला कुणी बोलायला बोलावलंच नाही.

बोलले असते तर खरं बोलले असते. तो हात फार गुणी होता, आणि त्या गुणानेच एका पोराचं नुकसान केलं. गेलेल्या माणसाचे दोष काढू नयेत म्हणतात. पण टॅकला कुणी सरळ विचारलं असतं तर त्याने स्वतःच सांगितलं असतं. कुणी विचारलं नाही. म्हणून मी सांगते.

मी लोरीन स्टॅलार्ड. कॉटर्स गॅपच्या बेसबॉल मैदानाचं गवत आणि माती मी सव्वीस उन्हाळे राखली. आधी हे काम माझा नवरा करायचा. त्याची कंबर धरली तेव्हा आठवडाभर म्हणून मी दाताळं हातात घेतलं, ते कायमचं माझ्या गळ्यात पडलं. सुरुवातीला बाईमाणूस म्हणून लोक हसायचे. पहिल्याच पावसानंतर शेजारच्या गावचं मैदान दोन दिवस चिखलात बसलं आणि आमचं दुपारी खेळायला तयार झालं, तेव्हा हसणं थांबलं.

कॉटर्स गॅप म्हणजे दोन डोंगरांमधली फट, एक नदी आणि खुर्च्यांचा एक कारखाना. म्हणून संघाचं नावही चेअरमेकर्स. दुपारी साडेतीनला कारखान्याचा भोंगा व्हायचा आणि माणसं कपड्यांवरचा भुसा झटकत घरी न जाता थेट मैदानावर यायची. उकडलेल्या शेंगांचा वास, व्हार्निशचा वास आणि माझ्या ओल्या मातीचा वास एकात एक मिसळायचा. आता तो कारखाना नाही, संघही नाही. ज्याच्या पैशावर आमचा संघ चालायचा त्या मोठ्या संघाने एका हिवाळ्यात दोन ओळींचं पत्र पाठवलं आणि गावाचे उन्हाळे बंद केले. मैदानावर आता शाळेची पोरं खेळतात, माती कुणीतरी भाड्याचा माणूस ओढतो. वाईट ओढतो. एप्रिल लागला की माझे हात अजून शिवशिवतात.

आमची लीग मायनर. पार खालची. दूरच्या शहरातला मोठा संघ अठरा-वीस वर्षांची पोरं आमच्याकडे मुरायला ठेवायचा, जसं लोणचं ठेवतात. पंचवीस पोरांत एखादं मोठ्या लीगपर्यंत पोचायचं. बाकीची मुरायच्या आधीच घरी जायची. या पोरांना चेंडू मारायला शिकवणं, हे टॅकचं काम.

टॅक खाणकामगाराचा मुलगा. स्वतः अकरा वर्षं मायनर लीगमध्ये खेळला आणि मोठ्या लीगमध्ये मोजून एकोणीस दिवस. तिथली गोष्ट विचारली की म्हणायचा, "बॅट मोडली, चेंडू पडला, मी धावलो. झाली माझी मोठी लीग." आम्ही दोघं एकाच वसंतात या मैदानावर आलो, एकोणसत्तर साली. तो हार्डवेअरच्या दुकानावरच्या खोलीत राहायचा, हिवाळ्यात शाळेची बस चालवायचा आणि उन्हाळाभर टोमॅटो, मेयोनेज आणि पांढरा पाव एवढ्यावर जगायचा. लग्न का केलं नाही विचारलं तर म्हणायचा, "पंचवीस पोरं आहेत. आणखी किती हवीत?"

त्याची शिकवायची एक तऱ्हा होती. नवं पोर आलं की पहिले दहा दिवस त्याच्याशी एक शब्द बोलायचा नाही. फक्त चेंडू टाकायचा. पोरांना वाटायचं, कोच मुका तरी आहे नाहीतर आपल्यावर खार खाऊन आहे. अकराव्या दिवशी तो जवळ जाऊन एकच गोष्ट सांगायचा. कोपर खाली घे, किंवा श्वास सोड, एवढंच. "एका वेळी एकच सांगायचं," तो मला म्हणायचा. "दोन सांगितल्या की तिसरी पोरगं स्वतः जोडतं, आणि तीच चुकीची असते."

आणि तो हात. मैदानाच्या मधोमध लोखंडी चौकटीची जाळी लावून तिच्याआडून तो रोज दुपारी चारशे चेंडू टाकायचा. दहा दिवसांत त्याचा हात पोराची बॅट ओळखायला लागायचा. कुणाला गुडघ्याजवळ गोड लागतो, कुणाला छातीजवळ, हे त्याला सांगावं लागायचं नाही. चेंडू आपोआप तिथेच जायचा. पोरं म्हणायची, टॅकचे चेंडू मारणं म्हणजे आईच्या हातचं जेवणं. दूरच्या गावी दोन-दोन आठवडे हरून आलेलं पोर त्याच्यासमोर अर्धा तास उभं राहिलं की छाती पुढे काढून चालायला लागायचं. तो म्हणायचा, "आधी गोड लागू दे. मग कडू आपसूक गिळतील." मला ते तेव्हा पटायचं. सगळ्यांनाच पटायचं.

डेल व्राना आमच्याकडे शहाऐंशी साली आला. नेब्रास्काचा, मक्याच्या मुलखातला. एकोणीस वर्षांचा, डावखुरा, मनगटं कुऱ्हाडीच्या दांड्यासारखी. माझ्या मागच्या खोलीत राहायला होता. गावात प्रत्येक घरात एखादं पोर असायचंच, ती आमची रीत. बहुतेक पोरं खाऊन ताट तिथेच ठेवायची, हा धुवून ठेवायचा. त्याची आजी चेक देशातून आलेली. एका रविवारी त्याने माझ्या भट्टीत जर्दाळूचा मुरांबा घालून तिच्यासारखे गोड पाव भाजले आणि अर्धे जाळले.

"मिस लोरीन, आजीच्या हातचे असे नसायचे."

"असे असते तर तुझा आजोबा पळाला असता," मी म्हटलं. ते जळके आम्ही दोघांनी संपवले.

बापाने त्याला दोन उन्हाळे दिले होते. दुसऱ्या उन्हाळ्यात वरच्या संघाने उचललं तर ठीक, नाहीतर घरी येऊन धान्याच्या कोठारावर उभं राहायचं. चिडून नाही, सरळ सांगितलं होतं. थोरला भाऊ सैन्यात, बापाचे गुडघे गेलेले. तेव्हा सत्त्याऐंशीचा उन्हाळा म्हणजे डेलचं सगळं काही होतं, आणि हे तो जेवताना, चालताना, बूट पुसताना विसरत नसे.

त्या वर्षी एप्रिलपासून त्याने टॅकचे चेंडू असे मारले की उजव्या कुंपणापलीकडच्या लाकडाच्या आवारात कामगार डोक्यावर पत्र्याची टोपी घालूनच फिरायचे. संध्याकाळी फोरमन बादलीभर चेंडू परत आणून द्यायचा आणि म्हणायचा, "आजचं पीक." टॅकचा चेहरा तेव्हा पाहण्यासारखा असायचा. अठरा वर्षं या माणसाने दुसऱ्याची पोरं घडवली होती, आणि त्यातलं एकही मोठ्या लीगमध्ये टिकलं नव्हतं. या खेपेला तो मनातल्या मनात मांडे खायला लागला होता.

मे महिन्यात एका सामन्यात पाहुण्यांच्या एका धसमुसळ्या पिचरचा चेंडू डेलच्या कोपरावर बसला. घरी आणून मी गोठलेल्या वाटाण्यांची पिशवी बांधली. हाड शाबूत होतं. चार दिवसांनी तो पुन्हा खेळायला लागला, हसत-खेळत. सगळ्यांना वाटलं, झालं गेलं संपलं.

माझं काम मातीचं. फलंदाज उभा राहतो त्या चौकटीत त्याचे बूट खड्डे पाडतात. दुपारच्या सरावानंतर मी ते बुजवून चुन्याच्या नव्या रेघा मारायची, आणि सामन्यात पडलेले खड्डे दुसऱ्या दिवशी सकाळी बुजवायची. इतक्या वर्षांनी मला प्रत्येकाचं पाऊल ओळखू यायचं. डेलचं तर लांबूनही ओळखू यायचं, एवढा पाय गावात दुसऱ्या कुणाचा नव्हता. सरावानंतर त्याच्या पुढच्या पायाचा खड्डा सरळ पिचरच्या रोखाने असायचा. सामन्यानंतरच्या सकाळी तोच खड्डा वीतभर बाहेर, प्लेटपासून, म्हणजे फलंदाजाशेजारी जमिनीत बसवलेल्या पांढऱ्या पाटापासून दूर. पहिल्या दिवशी वाटलं, घसरला असेल. चौथ्या दिवशीही तेच. चेंडू सुटला की पोराचा पाय पळत होता. मन म्हणत असेल उभा राहा, पण पाय मनाचं ऐकत नव्हता. आणि पाय पळाला की अंगालगत आलेला चेंडू बॅटला लागत नाही, हे आमच्याकडच्या शेंगा विकणाऱ्यालाही माहीत.

टॅक बादली घेऊन आला तेव्हा मी म्हटलं, "टॅक, डेलचा पाय पळतोय."

"कुठे पळतोय? रोज साठ चेंडू टाकतो मी त्याला. पाय खिळा ठोकल्यासारखा असतो."

"तू टाकतोस तेव्हा असेल."

"मग आणखी कोण टाकतं?"

"संध्याकाळी सामन्यात समोरून तू टाकतोस का? हे बघ ना, खाली बघ जरा."

त्याने खाली पाहिलं नाही. हसला. "लोरीन, शंभरात बत्तीस वेळा मारतोय तो. पळणाऱ्या पायाने कोण मारतं एवढं? तू तुझं गवत बघ बाई, पोरं मी बघतो."

"बरं," मी म्हटलं.

आमच्याकडे बाईने नुसतं 'बरं' म्हटलं की शहाण्याने जपून राहावं. टॅक शहाणा होता, पण त्या दिवशी त्याला ऐकू आलं नाही. त्याचंही सगळंच चुकत नव्हतं. आमच्या लीगमधल्या पिचरांना आपला चेंडू कुठे जाणार हे स्वतःलाच माहीत नसायचं, अंगालगत टाकायची कुणाची छाती नव्हती, म्हणून डेलचा आकडा चांगला राहिला. आमच्या बाकावरून बघणाऱ्याला पाय स्वतःच्याच दिशेने येतो, त्यामुळे सरकलेला दिसतही नाही. दिसायचा तो मातीत. आणि ती माती मी रोज सकाळी सपाट करत होते.

पाच आठवडे केली. "गवत बघ" म्हणाला ना, मग बघते गवत, असा माझा ताठा. रोज तो खड्डा बघायचा, रोज दाताळं फिरवायचं, वर पाणी मारून धुम्मसाने ठोकायचं. डेल घरी जेवायला बसला की मी त्याच्या पानात आणखी एक गरम पाव वाढायची आणि काही बोलायची नाही. खरं सांगायचं तर नुसता राग नव्हता. मलाही वाटत होतं, जाईल पोरगं वर, कशाला मध्ये बोला. या गोष्टीची मला आजही लाज वाटते.

जूनच्या शेवटी मोठ्या संघाकडून विचारणा आली. वरच्या एका संघात जागा होती. खालच्या सगळ्या संघांचा कारभार केसलर नावाचे साहेब बघायचे. त्यांना टॅकने आपलं मत लिहून कळवायचं होतं. एक गोष्ट इथे सांगायला हवी. अठरा वर्षांत टॅकने कुठल्याही पोराबद्दल 'तयार आहे' असं लिहिलं नव्हतं. 'बरा आहे', 'अजून एक उन्हाळा लागेल', 'मन लावतो', एवढंच. त्यामुळे केसलरसाहेब त्याच्या शब्दाला फार मानायचे. त्या दिवशी टॅक पत्र घेऊन माझ्या शेडमध्ये आला आणि चष्मा लावून मला वाचून दाखवलं. "व्राना तयार आहे. आता मला त्याला शिकवण्यासारखं काही उरलं नाही."

मी तोंड उघडलं. तो एवढा खूश होता की कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"चांगलं लिहिलंयस," मी म्हटलं.

दोन जुलैला डेल गेला. फोरमनने त्याला कारखान्यात कातलेली एक बॅट दिली, पाद्रीबुवांनी प्रार्थना म्हटली. ट्रंक माझ्याकडेच ठेवून गेला, मोठ्या लीगमध्ये पोचल्यावर मागवीन म्हणाला. पहिल्या रविवारी फोन आला, "मिस लोरीन, इथले पिचर वेगळेच आहेत." दुसऱ्या रविवारी म्हणाला, "इथे सगळे आतच टाकतात, अंगालगत." तिसऱ्या रविवारी बेसबॉलचं काही बोलला नाही, माझ्या नवऱ्याच्या कंबरेची चौकशी केली. पन्नास वेळा उभा राहून त्याने चार वेळा मारलं होतं. वरच्या लीगमध्ये माणसं तुमचा पाय तीन दिवसांत वाचतात, आणि त्यांना दाताळं लागत नाही.

ऑगस्टच्या मध्यावर त्याला सोडून दिलं. शनिवारी सकाळी तो ट्रंक न्यायला उतरला. पश्चिमेची बस चार वाजता होती. त्याने सामान बांधलं, माझ्या हातचं खाल्लं आणि म्हणाला, "टॅकला भेटून येतो." मीही निघाले. दुपारचं मैदान रिकामं होतं. टॅक पायरीवर बसून जुने चेंडू पुसत होता. डेलला पाहून उठला, पण चेंडू पुसणं थांबवेना. आयुष्यभर त्याने पोरांशी मोजकं बोलून काम भागवलं होतं.

डेलच बोलला. "कोच, तुमचे चेंडू मी झोपेतही मारीन. पण तिथे तुम्ही नव्हता."

"काय टाकत होते?"

"आत. पहिल्या दिवसापासून. त्यांना माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

डेलने बुटाने माती उकरली. मग मीच म्हटलं, "पाय, टॅक. मे महिन्यापासून. रोज सकाळी बघत होते मी. रोज सकाळी बुजवत होते."

टॅकने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं. "तू सांगितलं होतंस मला," तो म्हणाला.

"एकदाच."

"एकदा पुरे होतं."

"मलाही कळत होतं, मिस लोरीन," डेल खाली बघत म्हणाला. "वाटलं, तुम्हाला कुणाला दिसत नाही तोवर ते नाहीच. आणि दुपारी कोचसमोर उभा राहिलो की खरंच नसायचं."

टॅकने हातातला चेंडू बादलीत टाकला. मग म्हणाला, "बस किती वाजता?"

"चारला."

"बॅट घे."

आम्ही तिघांनी ओढून जाळी लावली, फलंदाजामागे चेंडू अडवणारा पिंजरा लावला. टॅक म्हणाला, "आत टाकतो. अंगालगत. पाय हलवायचा नाही." आणि त्याने टाकला. चेंडू आत निघाला आणि शेवटच्या हातभर अंतरात, डेलला गोड लागतो नेमका तिथे आला. डेलने तो लाकडाच्या आवारात पाठवला. "परत," टॅक म्हणाला. परत तेच. दहा, वीस, तीस. टॅक दात खाऊन टाकत होता, घामाने शर्ट पाठीला चिकटला होता, आणि प्रत्येक चेंडू जाऊन बॅटच्या कुशीत बसत होता. पलीकडून फोरमन ओरडला, "अरे, परत आला का आमचा डेल?"

टॅकने हात खाली सोडला आणि स्वतःच्या बोटांकडे बघत राहिला. "ऐकत नाही गं," तो म्हणाला. "मी आत टाकतोय. हा ऐकत नाही."

अठरा वर्षं मी त्या माणसाला ओळखत होते. त्याचे डोळे भरलेले त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले, आणि माझा सगळा राग कुठल्या कुठे गेला. मी कामाचे पिवळे हातमोजे घालून पिंजऱ्याच्या मागे गेले आणि डेलच्या बरगडीच्या रेषेत पिंजऱ्याच्या जाळीला मोजा टेकवून उभी राहिले.

"त्याच्या बॅटकडे बघतोस म्हणून होतं हे," मी ओरडले. "बॅट नाही, डेल नाही. माझ्या हाताकडे बघ आणि टाक."

"लोरीन, लागेल त्याला."

"टाका, कोच," डेल म्हणाला.

पहिले दोन बॅटवरच गेले. तिसऱ्या वेळी टॅकची नजर माझ्या मोज्यावर पक्की बसली. चेंडू सरळ आला आणि डेलच्या बरगडीत धप्पकन बसला. बॅट गळून पडली. टॅक जाळी ढकलून धावत आला, त्या वयात आणि झिजलेल्या गुडघ्यांनी. डेल वाकून श्वास घेत होता. मी धावले ती त्याच्याकडे नाही, मातीकडे. खड्डा सरळ होता. पाय तसूभरही हलला नव्हता.

"दुखतंय?" टॅकने विचारलं.

"दुखतंय," डेल म्हणाला. मग हसायला लागला, बरगडी धरून. "पण एवढंच आहे होय? तीन महिने मी एवढ्यालाच घाबरत होतो?"

त्यानंतर टॅकने माझ्या मोज्याकडे बघत वीस चेंडू अंगालगत टाकले. आठ डेलच्या बॅटला लागले नाहीत, सहा वेडेवाकडे लागले, आणि सहा असे बसले की आवाजावरूनच कळावं. पाय जागचा हलला नाही. टॅकने बादली तिथेच टाकली आणि माझ्या शेडकडे चालायला लागला. तिथे भिंतीवर फोन होता. मी मागोमाग गेले. केसलरसाहेबांचा आवाज मोठा, त्यामुळे मला दोन्हीकडचं ऐकू येत होतं.

"साहेब, टॅकेट बोलतोय. व्रानासाठी फोन केला. आत्ताच पाहिलं मी. पोरगं तयार आहे."

"टॅक, जूनमध्ये तू हेच लिहिलं होतंस. शब्द न् शब्द."

"तेव्हा माझं चुकलं होतं. आज चुकत नाही."

"मग मला कसं कळायचं, कुठल्या वेळी चुकत नाही ते?"

साहेब वाईट नव्हते. म्हणाले, "जागा भरली रे. काल दुसरा पोरगा आला. जाऊ दे त्याला घरी." टॅकने फोन जागेवर ठेवला. अठरा वर्षं जपलेला शब्द त्याने एकदा खोट्यासाठी वापरला होता, आणि आता खऱ्यासाठी मागायला गेला तर हातात काही नव्हतं.

नंतर सात वर्षं, संघ असेपर्यंत, टॅक रोज सकाळी माझ्या आधी मैदानावर यायचा. गुडघ्यावर बसून माती बघायचा आणि त्याने मान हलवल्याशिवाय मी दाताळं लावत नसे. दुपारी निम्मे चेंडू तो संघाच्या बसच्या ड्रायव्हरकडून टाकून घ्यायचा, कारण त्या ड्रायव्हरचा एकही चेंडू सरळ जायचा नाही. त्यातली दोन पोरं मोठ्या लीगमध्ये गेली आणि टिकली. 'तयार आहे' मात्र त्याने पुन्हा कुणाबद्दल लिहिलं नाही.

पण त्या शनिवारी तो शेडमधून बाहेर आला तेव्हा हे सगळं पुढे होतं. डेल प्लेटजवळ बसला होता. टॅकचा चेहरा बघून त्याला कळायचं ते कळलं असावं, तरी त्याने विचारलं, "काय म्हणाले?"

"नाही म्हणाले. मी जूनमध्ये चुकीचं लिहिलं, म्हणून आता माझं कुणी ऐकत नाही. तुझा दोष नाही यात. माझा आहे."

डेलने मान हलवली. शिव्या दिल्या नाहीत, रडला नाही. मनगटावरचं घड्याळ पाहिलं. "बसला अजून दीड तास आहे, कोच," तो उठत म्हणाला. "आतलेच टाका."

टॅकने बादली उचलली. मी पिंजऱ्यामागे जाऊन हात वर धरला. तासभर चेंडू त्याच्या अंगावर येत राहिले आणि तासभर डेल व्राना जागचा हलला नाही. पाहायला आम्ही दोघंच होतो.